आवाज त्यांचा, वही कंपनीची

प्रश्न थोडक्यात असा: ‘मी पुण्यात सोल आणि आर अँड बी, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या कलाकारांचं संगीत, गाते. ज्यांच्या रेकॉर्डी ऐकून शिकले त्यांतले कितीतरी गायक उतारवयात कफल्लक होते असं वाचते. गाणी तर आजही वाजताहेत. कंपन्यांनी लुबाडलं, की त्यांनीच पैसा उधळला? आजचा पैसा जातो कुणाकडे? आणि मला एका कंपनीचा करार आलाय, त्यात मी काय बघू?’

मी रॉयल्टीचे हिशेब तपासते. १९९८ साली मुंबईत एका कॅसेट कंपनीच्या हिशेब विभागात लागले, तेव्हा स्टेटमेंटं डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर निघायची आणि कागदाच्या कडेच्या भोकांच्या पट्ट्या फाडत बसणं हे माझं पहिलं काम होतं. गेली पंधरा-सोळा वर्षं टेबलाच्या दुसऱ्या बाजूला आहे. कलाकाराच्या वतीनं कंपनीत जायचं आणि वह्या उघडायला लावायच्या. त्यामुळे सोल संगीत मला कानांइतकंच खतावणीतूनही भेटलंय. लुबाडणूक झाली, उधळपट्टीही झाली. पण एक पैचीही चोरी न करता गायकाला पै मिळू नये अशी वही लिहिता येते, हे बाहेरच्यांना चटकन पटत नाही.

रूथ ब्राऊन घ्या. व्हर्जिनियातल्या पोर्ट्समथची ही मुलगी १९४८ मध्ये अटलांटिक रेकॉर्ड्स या जेमतेम वर्षभर वयाच्या कंपनीसाठी न्यूयॉर्कला निघाली आणि वाटेत मोटार अपघातात सापडली. करारावर सही झाली ती इस्पितळातल्या खाटेवर, १९४९ च्या जानेवारीत, तिच्या एकविसाव्या वाढदिवशी. त्याच वर्षी बिलबोर्ड साप्ताहिकानं काळ्या लोकांच्या संगीताच्या यादीचं ‘रेस रेकॉर्ड्स’ हे नाव काढून ‘ऱ्हिदम अँड ब्लूज’, म्हणजेच आर अँड बी, असं केलं. नाव सुचवणारा तिथला बातमीदार जेरी वेक्सलर पुढे १९५३ मध्ये अटलांटिकमध्येच भागीदार झाला. रूथची गाणी त्या यादीत इतकी चालली, की अटलांटिकला लोक ‘रूथनं बांधलेलं घर’ म्हणू लागले.

साठच्या दशकात हवा पालटली. अटलांटिकशी संबंध संपला आणि ती लाँग आयलंडवर शाळेची बस चालवू लागली, लोकांच्या घरी घरकाम करू लागली. तिच्या रेकॉर्डी मात्र नव्या वेष्टनात, परदेशांतही, पुन्हा पुन्हा निघत होत्या. ऐंशीच्या दशकात हॉवेल बेगल नावाचा वकील, तिचा जुना चाहता, जुन्या रेकॉर्डींवर सही घ्यायला तिला भेटला. बोलता बोलता त्याला कळलं, की यातून हिला काहीच मिळत नाही. कंपनीचं उत्तर ठरलेलं होतं: तुमच्याच खात्यावर अजून येणं बाकी आहे.

हे वाक्य मी अंधेरीतल्या एसी खोल्यांमध्येही ऐकलंय, चहाचा कप पुढे सरकवत, अगदी मायेनं म्हटलेलं.

‘येणं बाकी’ म्हणजे काय ते नीट समजून घ्या, कारण अर्धं उत्तर तिथेच आहे. आपल्याकडे ‘उचल’ हा शब्द आहे. ऊसतोड कामगार मुकादमाकडून घेतो ती उचल. तमाशातला कलावंत फडमालकाकडून घेतो तीही उचल. नारायणगावला पाडव्याच्या सुमारास राहुट्यांमधून गावजत्रांच्या सुपाऱ्या ठरतात, त्याच्या कितीतरी आधी कलावंतांची उचल खर्चून झालेली असते आणि हंगामभर ती फेडत नाचायचं असतं. अमेरिकन रेकॉर्ड कंपनीची पद्धत हीच, फक्त एक जास्तीची मेख होती. मुकादम कोयत्याचे पैसे एकवेळ कापेल, पण कारखाना उभारायचा खर्च कामगाराच्या नावावर टाकत नाही. रेकॉर्ड कंपनी टाकायची. स्टुडिओचं भाडं, वादकांची बिदागी, संगीत-संयोजकाची फी, सगळं आधी गायकाच्या खात्यात नावे पडायचं. ते गायकाच्या रॉयल्टीतून फिटल्यावर मग त्याला पैसे. आणि फिटल्यावरही मूळ ध्वनिमुद्रणाची मालकी कंपनीचीच. कर्ज तुम्ही फेडायचं आणि घर सावकाराच्या नावावर.

आकडे मांडते. हे आकडे समजुतीसाठी घेतलेत, कुणा एकाचे नाहीत. पन्नासच्या दशकातली सिंगल रेकॉर्ड, किंमत धरा एक डॉलर. गायकाची रॉयल्टी तीन टक्के. पण शंभर रेकॉर्डींवर नाही, नव्वदांवर, कारण करारात ‘फूटतूट’ म्हणून दहा टक्के वजा. ही वजावट लाखेच्या रेकॉर्डी होत्या तेव्हाची, त्या खरंच वाटेत फुटायच्या. पुढे व्हिनाइल आलं, ते फुटत नाही, पण वजावट करारात तशीच राहिली. असो. म्हणजे एका रेकॉर्डीमागे २.७ सेंट. लाख रेकॉर्डी खपल्या तर २,७०० डॉलर. त्यातून मुद्रणाचे धरा १,५०० गेले, दौऱ्यासाठी दिलेले कपडे आणि गाडीचे हप्ते १,२०० गेले. शिल्लक शून्य. गट पाच जणांचा असेल तर शून्याचे पाच वाटे. पुढची रेकॉर्ड पडली, तर तिचा खर्च तिसऱ्या रेकॉर्डीच्या डोक्यावर. एकाही ओळीत खोटं लिहिलेलं नाही बघा.

आता त्याच रेकॉर्डीवरचा दुसरा पैसा बघा. अमेरिकेत १९०९ च्या कायद्यानं एक दर बांधून दिला होता: रेकॉर्डीवर छापलेल्या प्रत्येक गाण्यामागे दोन सेंट, गीतकार-संगीतकार आणि त्यांच्या प्रकाशकाला, म्हणजे रचनेचे हक्क सांभाळणाऱ्या संस्थेला. हा दर १९७७ अखेरपर्यंत तोच राहिला. लाख प्रतींवर दोन हजार डॉलर, सहसा निम्मे लिहिणाऱ्याला, निम्मे प्रकाशकाला. यातून ना स्टुडिओचा खर्च वजा, ना कपड्यांचा. आणि गंमत म्हणजे हे दोन सेंट रेकॉर्डीच्या मागच्या बाजूलाही तेवढेच मिळतात. लोक विकत घेतात पुढच्या बाजूचं गाणं, मागचं कुणी ऐकतही नाही, पण छापलंय ना? मग दोन सेंट. म्हणून मागच्या बाजूवर कंपनीच्या मालकानं किंवा निर्मात्यानं स्वतःच्या नावाचं काहीतरी टाकून देणं हा जुना धंदा. रेडिओवाल्यांनाही ते ठाऊक होतं. चक बेरीच्या १९५५ च्या पहिल्याच गाजलेल्या गाण्यावर सहलेखक म्हणून ॲलन फ्रीड या रेडिओ निवेदकाचं नाव लागलं होतं. त्यानं त्यातली एक ओळ लिहिली नव्हती. नाव लागलं की तो गाणं वाजवणार, आणि जितकं वाजेल तितकं त्यालाही मिळणार. ते नाव निघायला १९८६ उजाडलं.

तेव्हा एका रेकॉर्डीत दोन वेगळ्या मालमत्ता असतात. एक, रचना: शब्द आणि चाल. दुसरी, मुद्रण: त्या दिवशी त्या खोलीत त्या गळ्यातून निघालेला आवाज. तुम्ही गायिका आहात, म्हणून तुम्हाला दुसरी मोठी वाटणार. पैसा पहिलीकडे जास्त सुखानं येतो.

‘रिस्पेक्ट’ हे गाणं ओटिस रेडिंगनं लिहिलं आणि १९६५ मध्ये गायलं. १९६७ च्या फेब्रुवारीत अरिथा फ्रँकलिननं ते न्यूयॉर्कमध्ये मुद्रित केलं आणि त्याचा अर्थच उलटा करून टाकला. घरी दमून येणाऱ्या पुरुषाची कुरकुर होती, ती बाईची मागणी झाली. आज ते अरिथाचं गाणं म्हणूनच ओळखलं जातं. पण अमेरिकेत साध्या एएम-एफएम रेडिओवर गाणं वाजलं, तर पैसे फक्त रचनेच्या धन्याला द्यावे लागतात. गायकाला आणि मुद्रणाच्या मालकाला काहीच नाही. म्हणजे पन्नास वर्षं ते अमेरिकन रेडिओवर वाजलं त्यातून रेडिंगच्या वारसांना आणि प्रकाशकाला मिळालं, अरिथाला शून्य. यात कुणी कुणाला फसवलेलं नाही, कायदाच तसा आहे, आणि रेडिओवाल्यांनी तो आजतागायत बदलू दिलेला नाही.

आपल्याकडे हाच वाद साठच्या दशकात लताबाई आणि रफीसाहेबांमध्ये झाला होता. लताबाईंचं म्हणणं, पार्श्वगायकालाही रॉयल्टी हवी. रफीसाहेबांचं म्हणणं, गायलो, पैसे घेतले, संपलं. काही वर्षं दोघांनी एकत्र गाणंच बंद केलं. रफीसाहेबांचा दिलदारपणा मला कळतो, पण माझ्या व्यवसायातल्या माणसाला लताबाईंचीच बाजू घ्यावी लागते.

आता अमेरिकेच्या दक्षिणेतल्या मेम्फिसला चला, कारण स्टॅक्स या रेकॉर्ड कंपनीची कथा सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. कराराचं एक पान काय करू शकतं याचं याहून चांगलं उदाहरण मी पाहिलेलं नाही, आणि इथे नुकसान गायकाचं नाही, कंपनीचं झालं.

जिम स्ट्युअर्ट हा बँकेत नोकरी करणारा, फावल्या वेळात फिडल वाजवणारा गोरा माणूस. त्याची थोरली बहीण एस्टेल ॲक्स्टन. टेपरेकॉर्डर घ्यायला एस्टेलनं घर गहाण टाकलं. १९६० मध्ये दोघांनी मॅकलेमोर ॲव्हेन्यूवरचं बंद पडलेलं कॅपिटॉल थिएटर भाड्यानं घेतलं. खुर्च्या काढल्या, पण थिएटरची उतरती जमीन तशीच ठेवली, कारण सपाट करायला पैसे नव्हते. पडदा होता त्या मंचावर नियंत्रण कक्ष बांधला. त्या उतरत्या जमिनीमुळे खोलीत समोरासमोर समांतर पृष्ठभाग कमी झाले आणि स्टॅक्सच्या रेकॉर्डींना तो जाड, घोंगावणारा आवाज आला, असं ध्वनिमुद्रक सांगतात. दाराशी जिथे खाऊ विकत असत तिथे एस्टेलनं रेकॉर्डींचं दुकान थाटलं. मागे मुद्रण झालं की ताजी टेप दुकानात वाजवायची आणि वस्तीतली काळी पोरं कशी डोलतात ते बघायचं. नाहीच डोलली तर परत आत. स्ट्युअर्टचं ‘एसटी’ आणि ॲक्स्टनचं ‘एएक्स’ मिळून १९६१ मध्ये ‘स्टॅक्स’ हे नाव झालं. वर्णभेदाच्या कायद्यांखालच्या त्या शहरात इथला मूळ वाद्यवृंद मात्र दोन काळे आणि दोन गोरे असा होता. ओटिस रेडिंग तर १९६२ मध्ये दुसऱ्या एका वादकाचा ड्रायव्हर म्हणून आला होता. मुद्रणाच्या वेळेतली थोडी मिनिटं उरली म्हणून त्याला गायला दिलं.

मेम्फिसच्या रेकॉर्डी देशभर पोचवायच्या तर मोठा वितरक हवा. तो मिळाला अटलांटिकचा, म्हणजे वेक्सलरचा. सुरुवातीची वर्षं सगळा व्यवहार तोंडी, हात मिळवून. १९६५ मध्ये लेखी करार झाला. स्ट्युअर्टनं तो नीट न वाचता सही केली. माणूस बँकेतला, हे विसरू नका. दोस्ताशी करार करताना बँकवालेही वाचत नाहीत.

१९६७ मध्ये अटलांटिक ही वॉर्नर-सेव्हन आर्ट्स या चित्रपट कंपनीला १ कोटी ७५ लाख डॉलरला विकली गेली. त्याच वर्षी १० डिसेंबरला ओटिस रेडिंगचं विमान विस्कॉन्सिनमध्ये मोनोना सरोवरात कोसळलं. तो २६ वर्षांचा होता. बार-केज या स्टॅक्सच्याच तरुण वाद्यवृंदातली चार पोरंही गेली, ट्रम्पेट वाजवणारा बेन कॉली तेवढा वाचला. थोड्याच दिवसांपूर्वी मुद्रित केलेलं ओटिसचं शेवटचं गाणं जानेवारीत निघालं आणि बिलबोर्डच्या मुख्य यादीत पहिलं आलं. गायकाच्या मृत्यूनंतर पहिल्या क्रमांकावर गेलेलं ते पहिलं गाणं.

स्टॅक्स अशी सुतकात असताना स्ट्युअर्टनं नव्या मालकांशी बोलणी सुरू केली. जमेना. बरं, मग आमच्या टेपा आम्हाला परत द्या, आम्ही निघतो. तेव्हा करार उघडला गेला. त्यातल्या कलमाप्रमाणे अटलांटिकनं वितरित केलेल्या प्रत्येक रेकॉर्डीच्या मूळ मुद्रणाची मालकी अटलांटिककडे होती. वितरणाचा करार म्हणून ज्यावर सही केली, ती प्रत्यक्षात विक्री होती. ओटिसची सगळी मुद्रणं गेली. सॅम अँड डेव्ह ही जोडी मुळात अटलांटिकनंच स्टॅक्सला उसनी दिलेली, तीही परत गेली. वेक्सलर पुढे म्हणाला, की असं कलम आहे हे त्यालाही माहीत नव्हतं, वकिलांनी घातलं असणार. मला यावर विश्वास ठेवायला हरकत वाटत नाही. करारातली सगळ्यांत वाईट कलमं बहुधा कुणा दुष्टानं मुद्दाम लिहिलेली नसतात, मागच्या करारातून जशीच्या तशी उतरलेली असतात.

त्यानंतर स्टॅक्सनं काय केलं ते वाचण्यासारखं आहे. जुनं भांडारच गेलं, तेव्हा अल बेल या काळ्या अधिकाऱ्यानं ठरवलं की नवं भांडार एकदमच भरायचं. १९६९ च्या मध्यावर २७ लाँगप्ले एकत्र बाजारात आणल्या. त्यातली एक आयझॅक हेजची होती, चारच गाणी, एक तर अठरा मिनिटांहून लांब. रेडिओच्या कुठल्याच नियमात न बसणारी ती रेकॉर्ड धो धो खपली. १९७२ च्या ऑगस्टमध्ये लॉस एंजेलिसच्या कोलिसियममध्ये एक डॉलर तिकिटावर लाखभर लोकांची मैफल भरवली. आणि १९७५ च्या डिसेंबरात दिवाळखोरीत कंपनीला कुलूप लागलं. सीबीएस या मोठ्या रेकॉर्ड कंपनीशी केलेला नवा वितरण करार आणि बँकेचं कर्ज या दोन्हींत ती भरडली गेली. १९८९ मध्ये ते थिएटरही पाडलं. आता त्याच जागी २००३ पासून संग्रहालय आहे, बाहेरून तसंच दिसणारं. ‘स्टॅक्स’ हे नाव आणि १९६८ नंतरची मुद्रणं आज कॉन्कॉर्ड या कंपनीकडे आहेत, त्याआधीची वॉर्नरकडे. म्हणजे आज कुणी ‘स्टॅक्सचं’ म्हणून ओटिस ऐकला तर पैसा स्टॅक्सच्या मालकाकडे जातच नाही.

उधळपट्टीबद्दल विचारलंत. त्या संग्रहालयात आयझॅक हेजची सोन्याच्या मुलाम्याची कॅडिलॅक गोल फिरत्या चौथऱ्यावर ठेवली आहे. ऑस्कर मिळालेला माणूस १९७६ मध्ये साठ लाखांहून जास्त डॉलरच्या कर्जात दिवाळखोर झाला आणि तोवर केलेल्या कामाची पुढची रॉयल्टीही गमावून बसला. तेव्हा हो, उधळपट्टी होती. पण माझा एक आक्षेप आहे. गाडी, फरचा कोट, घर या गोष्टी कंपन्या आनंदानं देत. कॅडिलॅकची किल्ली हातात ठेवली की स्टेटमेंट कोण मागतो? गाडी दिसते, टक्केवारी दिसत नाही. आणि ती गाडीही पुष्कळदा उचलीतच धरलेली असे. माझ्याकडे आलेल्या एका मराठी गायकाला कंपनीनं पहिल्या अल्बमच्या यशानिमित्त समारंभात स्कूटर भेट दिली होती. तीन वर्षांनी मी वही उघडली तर स्कूटर ‘कलाकार विकास खर्च’ या मथळ्याखाली त्याच्याच खात्यात नावे. हार-तुऱ्यांसह.

मोटाऊनचं थोडक्यात सांगते, कारण तिच्याबद्दल मराठीतही बरंच लिहिलं गेलंय. बेरी गॉर्डीनं १९५९ मध्ये घरच्यांकडून ८०० डॉलर कर्ज घेऊन डेट्रॉइटमध्ये सुरुवात केली आणि १९८८ मध्ये ६ कोटी १० लाख डॉलरला कंपनी विकली. काळ्या माणसाची काळ्या कलाकारांसाठीची कंपनी, याचा अभिमान रास्त आहे. पण हिशेबनिसाच्या नजरेनं बघा: रेकॉर्ड कंपनी त्याची, गाण्यांची प्रकाशन संस्था जोबेटे त्याची (मुलामुलींच्या नावांतून जुळवलेलं नाव), आणि गायकांचं व्यवस्थापन करणारी संस्थाही त्याचीच. गायकाच्या वतीनं कंपनीशी भांडायचं काम ज्या व्यवस्थापकाचं, तो कंपनीचाच पगारी. विक्रीत प्रकाशन संस्था मात्र गॉर्डीनं दिली नाही. १९९७ मध्ये तिचा फक्त निम्मा हिस्सा विकला आणि त्याचेच १३ कोटी २० लाख आले. अख्ख्या कंपनीच्या दुपटीहून जास्त, अर्ध्या प्रकाशनाचे! वर मी दोन सेंटांबद्दल जे बोलले, त्याचा हा मोठा आकडा.

बॅरेट स्ट्राँग हा मोटाऊनला पहिलं मोठं यश मिळवून देणारा गायक. १९५९ च्या त्या गाण्याच्या कॉपीराइट नोंदीत लेखक म्हणून त्याचंही नाव होतं. तीन वर्षांनी ते काढलं गेलं, १९८७ मध्ये नूतनीकरणाच्या वेळी परत आलं, पुढच्या वर्षी पुन्हा खोडलं गेलं. कंपनीच्या बाजूचं म्हणणं, मुळात चुकून लागलं होतं. स्ट्राँगला यातलं काही कळलं ते कित्येक दशकांनी, कारण नोंदीतला बदल संबंधिताला कळवण्याची सक्ती तिथे नाही. आणि जेम्स जेमरसन. तर्जनीच्या एका बोटानं बेस वाजवणारा हा माणूस मोटाऊनच्या कितीतरी गाण्यांचा कणा आहे, पण वादकांची नावं वेष्टनावर छापायला १९७१ उजाडलं. वादकाला बैठकीचे पैसे, बस. १९७२ मध्ये कंपनीनं डेट्रॉइट सोडून लॉस एंजेलिस गाठलं. १९८३ मध्ये मोटाऊनच्या पंचविशीचा टीव्ही सोहळा झाला, तेव्हा जेमरसन काळ्या बाजारात तिकीट काढून मागच्या रांगेत बसला होता. त्याच वर्षी तो गेला.

ज्यांनी कागद हातचा सोडला नाही असेही होते. रे चार्ल्सनं अटलांटिक सोडून एबीसी-पॅरामाउंटशी करार करताना मूळ मुद्रणांची मालकी आपल्याकडे येईल असं लिहून घेतलं. तेव्हा गोऱ्या गायकांनाही असं कुणी देत नव्हतं. कर्टिस मेफिल्डनं स्वतःची प्रकाशन संस्था काढली, मग १९६८ मध्ये स्वतःची कंपनी. सॅम कुकनंही प्रकाशन आणि छोटी कंपनी दोन्ही उभं केलं. तरी १९६३ मध्ये त्याचा व्यवस्थापक ॲलन क्लाइननं त्याच्यासाठी जी नवी कंपनी रचली तिला नाव कुकच्या मुलीचं होतं आणि मालकी क्लाइनची. पुढच्याच वर्षी कुक मारला गेला. जेम्स ब्राउननं १९६२ मध्ये न्यूयॉर्कच्या अपोलो थिएटरमधली मैफल स्वतःचे ५,७०० डॉलर घालून मुद्रित केली, कारण कंपनीचा मालक म्हणे, असल्या जिवंत मैफलींना गिऱ्हाईक नाही. ती लाँगप्लेंच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेली. पण याच ब्राउनच्या ताफ्यातला ढोलिया (ड्रमर) क्लाइड स्टबलफील्ड, ज्याचे काही सेकंदांचे ठेके शेकडो रॅप गाण्यांखाली वाजतात, त्याला रॉयल्टी नव्हती. लेखक ब्राउन, ठेका वाजवणारा नोकर.

ढोलाचं काम कुठल्याच वहीत बसत नाही, हे त्याहूनही दुखरं उदाहरण विन्स्टन्स या वॉशिंग्टनच्या गटाचं. १९६९ ची रेकॉर्ड, तिच्या मागच्या बाजूवर भरीला टाकलेलं एक वाद्यसंगीत, त्यात ग्रेगरी कोलमनचा सहा-सात सेकंदांचा एकट्याचा ढोल. तो तुकडा कापून कापून हजारो गाणी बनली, इंग्लंडमध्ये तर एका अख्ख्या नृत्यसंगीताचा पाया झाला. कोलमन २००६ मध्ये अटलांटात बेघर अवस्थेत वारला. गटाचा प्रमुख रिचर्ड स्पेन्सर याला २०१५ मध्ये लोकांनीच ऑनलाइन वर्गणी काढून २४ हजार पौंड दिले. मी हिशेबनीस, तरी त्या पैशाला काय म्हणायचं मला कळत नाही. रॉयल्टी नाही, भीक तर नाहीच.

रूथ ब्राऊनचं अर्धं राहिलं. बेगलनं फी न घेता तिची बाजू लढवली. काँग्रेसपुढे तिची साक्ष झाली, वर्तमानपत्रांत लिहून आलं, जेसी जॅक्सनसारख्या नागरी हक्कांच्या पुढाऱ्यांनी दबाव आणला. १९८८ मध्ये अटलांटिकचा चाळिशीचा भव्य सोहळा न्यूयॉर्कला ठरला होता. त्याच्या तोंडावर कंपनीनं तिची आणि तिच्या काळातल्या बऱ्याच कलाकारांची ‘येणी’ पुसून टाकली, मागच्या काही वर्षांची रॉयल्टी नव्यानं मोजली आणि ऱ्हिदम अँड ब्लूज फाउंडेशन या मदत संस्थेला पैसा दिला. रूथच्या हाती सुमारे वीस हजार डॉलरचा धनादेश आला. ज्या घराला तिचं नाव होतं त्या घराचं इतकं भाडं. पुढच्या वर्षी तिला ब्रॉडवेचा टोनी पुरस्कार मिळाला, नंतर ग्रॅमीही. २००६ मध्ये ती वारली.

आजचा पैसा कुणाकडे, तर मुख्यतः मुद्रणांचे आणि रचनांचे जे आज मालक आहेत त्यांच्याकडे, म्हणजे वॉर्नर, युनिव्हर्सल, सोनी, कॉन्कॉर्ड आणि प्रकाशन कंपन्या. इंटरनेट रेडिओच्या पैशात मात्र एक चांगली गोष्ट आहे. तो साउंडएक्स्चेंज या संस्थेमार्फत येतो आणि विभागणी कायद्यानंच ठरलेली आहे: ५० टक्के मुद्रणाच्या मालकाला, ४५ टक्के मुख्य कलाकाराला, ५ टक्के साथीदारांसाठी. आणि हा ४५ टक्के थेट कलाकाराच्या हातात पडतो, कंपनीच्या वहीतून जात नाही, म्हणून उचलीत वळता होत नाही. अडचण अशी होती, की अमेरिकेच्या केंद्रीय कॉपीराइट कायद्यात १५ फेब्रुवारी १९७२ च्या आधीची मुद्रणं बसतच नव्हती. म्हणजे आपण वर ज्यांची नावं घेतली त्यांतले जवळजवळ सगळे बाहेर. ते दार उघडलं २०१८ च्या कायद्यानं. तोवर किती जण उरले होते ते तुम्हीच मोजा. त्यानंतर २०२१ मध्ये सोनीनं जाहीर केलं, की २००० पूर्वी करार केलेल्या आणि त्यानंतर उचल न घेतलेल्या कलाकारांची जुनी बाकी न बघता त्यांना रॉयल्टी द्यायची. वर्षभरात वॉर्नर आणि युनिव्हर्सलनंही तसंच केलं. रूथ ब्राऊननं जे १९८८ मध्ये मिळवलं, ते सगळ्यांना मिळायला आणखी ३३ वर्षं लागली.

आता तुमचा करार. तुम्ही भारतात आहात आणि स्वतः लिहिता-चाल लावता असं गृहीत धरते. २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला समान वाटा त्याला सहीनं सोडताच येत नाही, कंपनीनं कितीही ‘सर्व हक्क कायमचे’ लिहिलं तरी. म्हणून आधी आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं सदस्यत्व घ्या, आणि गायिका म्हणून इसामरा (पूर्वीची इस्रा) या गायक-वादकांच्या तशाच संस्थेचंही. गाणं तिघांनी मिळून केलं असेल तर कुणाचा किती टक्के ते त्याच रात्री, स्टुडिओतून निघायच्या आधी, एका कागदावर लिहून तिघांनी सह्या करा. नंतर आठवण प्रत्येकाची वेगळी होते.

मग करारात ‘एकत्रित वसुली’ किंवा त्या अर्थाचं कलम शोधा. त्याचा अर्थ, एका गाण्याचा तोटा दुसऱ्या गाण्याच्या कमाईतून वळता करणार. ते काढून प्रत्येक गाण्याचं खातं वेगळं मागा. काढत नसतील तर निदान व्हिडिओचा खर्च त्यातून वगळून घ्या, कारण हल्ली मुद्रणापेक्षा व्हिडिओच महाग पडतो. वह्या तपासण्याचा हक्क किती वर्षं मागे जाऊन आहे ते बघा. दोनच वर्षं असेल तर तीन मागा, सहसा देतात.

करार मला पाठवणार असाल तर फक्त सहीचं पान आणि रकमेचं पान पाठवू नका, सगळे तसंच करतात. परिशिष्टांसकट सगळं पाठवा. मागच्या महिन्यात आलेल्या एका करारात परिशिष्ट ‘ब’ मध्ये ‘पॅकेजिंग व फूटतूट’ म्हणून पंधरा टक्के वजावट होती. गाणं फक्त स्ट्रीमिंगवर येणार होतं.